मुक्काम नेपानगर

प्रवासाला निघालेल्या माणसाने उतरावे कोठे, या प्रश्नाचा आपल्या लोकांनी फारसा विचार केलेला दिसत नाही. जे पाहावयाचे त्याच्याच दाराशी पथारी टाकावयाची, हा आपला शिरस्ता. काशीला गेलो की घाटालगतची गल्ली, पंढरीला गेलो की देवळाजवळचा वाडा; मग तेथील गर्दी, गोंगाट, ढेकूण आणि दलाल यांच्या नावाने बोटे मोडीत दोन दिवसांत परत फिरावयाचे. आमचा स्वतःचाही पन्नास वर्षांचा परिपाठ याहून निराळा नव्हता. त्यात पालट झाला तो आमच्या बडोद्याच्या भाऊजींमुळे, आणि भाऊजींच्यात पालट झाला तो पोर्तुगालमुळे.

त्याचे असे झाले. आमचा भाचा नोकरीनिमित्त लिस्बनला असतो. २०१८ च्या उन्हाळ्यात अक्का आणि भाऊजी त्याच्याकडे दोन महिने जाऊन राहिले. भाच्याचे बिऱ्हाड खुद्द लिस्बन शहरात नव्हे, तर नदी समुद्राला मिळते त्या बाजूच्या ओएराश नावाच्या उपनगरात. लिस्बनहून काश्काइशला जाणारा लोहमार्ग काठाकाठाने या गावावरून जातो. भाऊजींचा तेथील दिनक्रम आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो आम्हांला तोंडपाठ आहे. सकाळी न्याहारी करून स्टेशन गाठावे. एके दिवशी लिस्बनच्या चढउताराच्या गल्ल्या, एके दिवशी वाटेतच बेलें येथे उतरून व्हास्को द गामाचे थडगे असलेला जेरोनिमोसचा मठ, एके दिवशी सिंत्राच्या डोंगरावरचे राजवाडे. दिवेलागणीला पुन्हा आपल्या गल्लीत यावे. तेथे कोणी प्रवासी नाही, कोणी काही विकावयास पुढे येत नाही, शेजारची म्हातारी कुंड्यांना पाणी घालीत असते. "पाहावे शहर, पण झोपावे उपनगरात," हे भाऊजींचे सूत्र तेथले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. एकदा हिशेब पटला की तो सोडावयाचा नाही.

परत आल्यावर त्यांचे पत्र आले. (भाऊजी अजूनही पत्रे लिहितात.) 'तुमच्या गावी लग्नामुंजीला चारदा येऊन गेलो, रात्रीच्या गाडीने उतरलो आणि सकाळच्या गाडीने परतलो. बऱ्हाणपूर पाहिले नाही, असीरगड पाहिला नाही. २०१९ च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघे सहा दिवस येतो. तुमचे नेपानगर हे आमचे ओएराश समजा.'

पत्र वाचून आमच्या सौभाग्यवती हसल्या. आम्हीही हसलो. नेपानगराला हा मान आजवर कोणी दिला नव्हता.

मुंबईहून जबलपूर-प्रयागकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भुसावळ आणि खंडवा यांच्या दरम्यान सातपुड्याच्या कुशीत आमचे गाव आहे. गाव आधी आणि कारखाना मागून, असे येथे झालेले नाही. रान होते, त्यात कागदाचा कारखाना आला आणि कारखान्याने गाव आणले. 'नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स' या लांबलचक नावातून 'नेपा' हा शब्द झाला आणि त्याला 'नगर' जोडले गेले. १९४७ साली खाजगी उद्योग म्हणून आरंभ, पुढे प्रांतिक सरकारने आणि मग केंद्राने तो हाती घेतला. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. सातपुड्यातील सालई आणि बांबू यांच्यापासून वृत्तपत्राचा कागद करणारा देशातील हा पहिलाच कारखाना; १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत असा कागद करणारा दुसरा कारखाना भारतात नव्हता. वाचकांपैकी ज्यांनी वडिलांच्या मांडीवर बसून वर्तमानपत्राची अक्षरे ओळखली असतील, त्यांच्या बोटांना आमच्या गावाचा स्पर्श बहुधा झालेला आहे.

आम्ही येथील नसून येथे बदलून आलेले. १९९१ साली शासकीय शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो, अधूनमधून आसपासच्या गावी बदल्या झाल्या, पण बिऱ्हाड येथून हलले नाही. इतकी वर्षे बऱ्हाणपूर आमच्या उशाशी असून आम्ही तेथे जात असू ते कापडासाठी, दवाखान्यासाठी आणि जिल्हा कचेरीच्या कामासाठी. (२००३ साली बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तोवर कचेरीचा हेलपाटा खंडव्याला असे.) पाहुणे यावयाचे ठरल्यावर आपण त्यांना दाखविणार काय, या धास्तीने आम्ही कपाटातील पुस्तके काढून महिनाभर अभ्यास केला. परीक्षेच्या आधी विद्यार्थी करतात तसाच, म्हणजे घाईने.

पहिला दिवस बऱ्हाणपूरचा. सकाळच्या पॅसेंजरने निघालो. वाटेत चांदनी, असीरगड रोड अशी चिमुकली स्टेशने, रुळांच्या दोन्ही अंगांना साग आणि पळस. पुढे रान संपून केळीच्या बागा लागतात. बऱ्हाणपूरचे स्टेशन लालबागेत, शहरापासून थोडे दूर आहे. तेथून रिक्षा करून जामा मशिदीपाशी गेलो.

इतिहासाच्या पुस्तकात फारुकी घराण्याला चार ओळी मिळतात. खानदेशचे हे सुलतान. त्यांच्यापैकी नासिरखानाने पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापीच्या काठी हे नगर वसविले आणि दौलताबादकडील सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव त्याला दिले. पैलतीरावरील जैनाबाद हे दुसरे संत जैनुद्दीन यांच्या नावाचे. मशीद बांधली ती राजा अलीखान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने. डोक्यावर घुमट नाही, दोन उंच मनोरे आणि आत कमानींची रांग; दगडातले कोरीव काम असे की हात लावून पाहावेसे वाटते. परंतु आम्ही भाऊजींना ज्यासाठी नेले ते निराळेच होते. आत एका बाजूच्या भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याच्याच खाली देवनागरीत संस्कृत लेख आहे. त्यात सृष्टिकर्त्याला वंदन आहे, फारुकी राजांची वंशावळ आहे, आणि विक्रम संवत १६४६, शके १५११ असा काळ तिथिनक्षत्रांसह दिलेला आहे. मशिदीच्या भिंतीवर पंचांग! अक्कांनी पदर सावरून वर पाहिले आणि अडखळत शक वाचला. तेथील एक वृद्ध सेवेकरी जवळ येऊन उभे राहिले. कोणी लेख वाचू लागले की त्यांना आनंद होतो, असे ते म्हणाले. पुष्कळ लोक फक्त छायाचित्र काढून जातात. संस्कृत लेखाखाली आम्ही तासभर रेंगाळलो. एका दिवसात बऱ्हाणपूर, असीरगड आणि ओंकारेश्वर उरकणाऱ्या प्रवासी गाडीतून आलो असतो, तर येथे आमच्या वाट्याला दहा मिनिटे आली असती.

दुपारी शाही किल्ला. तापीच्या काठावर उभ्या असलेल्या या वाड्याचे बरेच मजले आता ढासळले आहेत. राहिला आहे तो हमामखाना, आणि त्याच्या छतावरील रंगीत वेलबुट्टी. खाली नदीच्या पात्रात हत्तीच्या आकाराचा दगड दिसतो. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल याच शहरात चौदाव्या बाळंतपणात वारली. तिला प्रथम पुरले ते पैलतीरी जैनाबादेच्या आहुखान्यात. डिसेंबरात शव आग्र्यास नेले. ताजमहाल आधी तापीच्या काठी व्हावयाचा होता, पण माती ठिसूळ निघाली, अशी कथा गावातला प्रत्येक रिक्षावाला सांगतो. आम्ही शिक्षक असल्यामुळे तिच्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. अक्कांना मात्र कथेशी कर्तव्य नव्हते. "चौदावं बाळंतपण!" एवढेच त्या म्हणाल्या आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या.

संध्याकाळी मावा जिलबी खाल्ली, दराबा बांधून घेतला. रवा, साखर आणि तूप फेसून फेसून केलेली ही बऱ्हाणपुरी मिठाई तोंडात घातली की बोलणे आपोआप थांबते. गाडी दीड तास उशिरा आली. घरी पोचलो तेव्हा पिठल्याचा वास अंगणापर्यंत आला होता.

दुसऱ्या दिवशी जीप ठरवून असीरगड. पूर्वी पायथ्यापासून चढावे लागे. आता गाडी बरीच वर जाते, त्यामुळे अक्कांच्या गुडघ्यांचा प्रश्न सुटला. मूळ किल्ला, त्याखाली कमरगड, त्याखाली मलयगड, अशी ही तीन पदरी रचना. नर्मदेकडून तापीच्या खोऱ्यात उतरणारी वाट ज्या खिंडीतून जाते, तिच्या माथ्यावर हा किल्ला बसलेला आहे. उत्तरेचा जो कोणी दक्षिणेवर आला, त्याला आधी याच्याशी बोलावे लागले. अकबराने जवळजवळ वर्षभर वेढा घातला, तेव्हा जानेवारी १६०१ मध्ये किल्ला हाती आला, आणि तोही तटावर चढून नव्हे. वाटाघाट, वचने आणि पैसा यांचा त्यात किती वाटा होता यावर विद्वान अद्याप भांडत आहेत.

येथे भाऊजींचे पोर्तुगाल पुन्हा उपस्थित झाले. वेढ्याच्या वेळी अकबराच्या छावणीत जेरोम झेविअर नावाचे जेझुइट पाद्री होते. गोव्याच्या संत फ्रान्सिस झेविअरचे ते नात्याने नातू लागत. पाद्र्यांच्या वृत्तांतात असे आहे की किल्ल्याच्या आत फारुकी सुलतानाच्या बाजूने सात पोर्तुगीज लढत होते, आणि पोर्तुगिजांकडून तोफा मागविण्याची अकबराची इच्छा मान्य करावयास पाद्र्यांनी नकार दिला. हे ऐकून भाऊजी तटावर उभ्या उभ्या इतके खूश झाले की त्यांनी लिस्बनला दूरध्वनी लावला. तेथे तेव्हा पहाट होती. भाच्याची प्रतिक्रिया आम्हांला कळली नाही.

आम्हा मराठी माणसांना मात्र असीरगड वेगळ्या कारणासाठी पाहावा लागतो. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर निजामाकडून पेशव्यांना जे मिळाले त्यात असीरगड आणि बऱ्हाणपूर होते. पुढे तो शिंद्यांकडे गेला. १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि तहात परत केला. आणि १८१९ च्या एप्रिलमध्ये, पुण्यावर इंग्रजी निशाण चढून सव्वा वर्ष होऊन गेल्यावर, शिंद्यांचा किल्लेदार जसवंतराव लाड येथे तोफांना तोंड देत होता. ९ एप्रिलला किल्ला पडला. तिसऱ्या मराठा युद्धातील ही शेवटची लढाई. रायगड, सिंहगड, पुरंदर यांच्या सहली महाराष्ट्रातील मुलांना घडतात. मराठ्यांच्या राज्याचा शेवटचा किल्ला आमच्या घरापासून इतका जवळ असून आमच्या शाळेची सहल आम्ही एकदाही तेथे नेली नव्हती, हे तटावर उभे असताना आठवले आणि आमची मान खाली गेली. (पुढच्या वर्षी नेऊ म्हटले, तर महामारी आली. २०२३ मध्ये नेली.)

वरच्या महादेवाच्या देवळात अश्वत्थामा पहाटे येऊन फूल वाहून जातो, अशी श्रद्धा आहे. भाऊजींनी पुजाऱ्याला विचारले, "तुम्ही पाहिलाय?" तो म्हणाला, "फूल पाहिलंय." या उत्तरावर आम्हांला काही बोलता आले नाही.

तिसऱ्या दिवशी कोठेही जावयाचे नाही, असे आधीच ठरले होते. मुक्काम एके ठिकाणी ठेवण्याचा खरा लाभ हाच. सामान बांधावयाचे नाही, दहा वाजता खोली सोडावयाची नाही. अक्का आणि आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरात. भाऊजी ओसरीवर आरामखुर्चीत. समोर रस्ता, दुतर्फा जुनी मोठाली झाडे, पलीकडे कारखान्याच्या क्वार्टर्सची रांग. एक सायकल गेली. मग बराच वेळ काही गेले नाही. भाऊजींनी चहाचा घोट घेतला आणि अगदी मनापासून म्हणाले, "काय शांतता आहे हो तुमच्या गावात! नशीबवान आहात. आमच्या बडोद्याला रात्री दोन वाजताही हॉर्न. त्या ओएराशलासुद्धा इतकं शांत नव्हतं."

सौभाग्यवती बशी घेऊन दारात आल्या होत्या, त्या तशाच आत वळल्या. आम्हीही काही बोललो नाही. पाहुणा स्तुती करीत असता त्याला काय सांगावे?

बोलल्या त्या अक्का, आतून. "अहो, पंच्याण्णव साली मी हिच्या बाळंतपणाला महिनाभर होते ना, तेव्हा त्या भोंग्यानं डोळ्याला डोळा लागत नव्हता. बाळ दचकून उठायचं. आता वाजत नाही का रे तो?"

आता वाजत नव्हता. आधुनिकीकरणासाठी २०१६ साली कारखान्याचे उत्पादन थांबले होते. ते पुन्हा सुरू व्हावयाचे होते, कामही चालू होते. परंतु त्या डिसेंबरात तीन वर्षे उलटून गेली होती. आमच्या गावाचे घड्याळ म्हणजे तो भोंगा. पाळी बदलली की रस्ता सायकलींनी भरून जाई. आमच्या घरी भात कोणत्या भोंग्याला चढवावयाचा, शाळेची प्रार्थना कोणत्या भोंग्यानंतर, हे ठरलेले. रात्री यंत्रांची एक अखंड घरघर असे. आम्ही ज्या वर्षी आलो त्या वर्षी तिच्यामुळे झोप येत नसे, आणि ती थांबली त्या वर्षीही तिच्यामुळेच झोप येईना. भाऊजींना जी शांतता गोड लागली, ती कोणी निसर्गाने दिलेली नव्हती. ती थांबलेल्या यंत्रांची होती.

हे सर्व आम्ही भाऊजींना ओसरीवर सांगितले नाही. संध्याकाळी फिरावयास म्हणून त्यांना शाळेत घेऊन गेलो. सुट्टी असल्यामुळे शाळा बंद होती, किल्ली आमच्याजवळच. कार्यालयातील कपाटातून दाखिल-खारिजचे जुने रजिस्टर काढून त्यांच्यापुढे ठेवले. बँकेच्या माणसाला रजिस्टर वाचावयास शिकवावे लागत नाही. १९९१ पासून पुढे पानेच्या पाने 'पित्याचा व्यवसाय' या रकान्यात एकच शब्द : मिल, मिल, मिल. त्यात सोनवणे, चौधरी, पाटील अशी खानदेशी नावे, उत्तर भारतातली नावे, केरळातली, बंगालातली. पाटीपुस्तकाला सगळी एका बाकावर. मग भाऊजी खारिजच्या रकान्याकडे वळले. शाळा सोडल्याचा दाखला दिल्याची तारीख, कारण, आणि त्यापुढे आमची सही. 'स्थानांतर', 'स्थानांतर', 'स्थानांतर'. काही कुटुंबे इंदुरास गेली, काही सुरतेला, काही परत आपल्या मुळच्या गावी. प्रत्येक दाखल्यावर सही आमचीच. मुलाचे वर्तन 'उत्तम' असे लिहून आम्ही एकेकाला गावाबाहेर पाठवीत होतो.

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. रजिस्टर नीट मिटून दोऱ्याने बांधले, आमच्याहून अधिक नीट. परतताना कारखान्याच्या फाटकावरून आलो. ते थोडे थांबले, आत पाहिले. एवढेच म्हणाले, "दादरा-नगरहवेलीच्या शाखेत होतो तेव्हा मी अशी खाती बंद करून दिली आहेत." रात्री जेवताना त्यांनी शांततेचा विषय काढला नाही. आम्हीच काढला, म्हटले, ती खोटी नाही, तुम्हांला गोड लागली तर लागू द्या. चार पाहुणे तरी गावात आले.

चौथ्या दिवशी पुन्हा बऱ्हाणपूर, राहिलेल्या गोष्टींसाठी. त्यांतील कुंडी भंडाऱ्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखाना बऱ्हाणपूरचा सुभेदार असताना ही पाण्याची व्यवस्था झाली. आमच्या हिंदी वर्गातील मुलांना हा गृहस्थ दोहेवाला 'रहीम' म्हणून ठाऊक असतो. त्याने शहराला पाणी दिले हे त्यांना कोणी सांगत नाही. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरून तापीकडे झिरपत असतो. तो वाटेतच अडवून जमिनीखालच्या बोगद्यांत घेतला, आणि उताराच्या बळावर, कोठेही उपसा न करता, शहरापर्यंत आणला. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या गोल कुंड्या, एकीमागून एक, शंभराच्या वर. त्यांतून हवा जाते, उजेड जातो, गाळ काढावयास माणूस उतरतो. इराणात अशा पाटांना कनात म्हणतात, आणि हे कसबही तिकडूनच आले. औरंगाबादच्या वाचकांना मलिक अंबरची नहर आठवेल. ती याच काळातली. गंमत अशी की हे दोघे, खानखाना आणि मलिक अंबर, एकमेकांविरुद्ध रणांगणात उभे असत. पाण्याच्या बाबतीत मात्र दोघांची बुद्धी एकच.

कुंडीच्या काठावर ओणवून आम्ही खाली पाहिले. खोल अंधारात पाणी चमकत होते, आणि कान दिला तर वाहताना ऐकू येत होते. चारशे वर्षे ते असेच चालले आहे. खाली उतरण्याची सोय त्या दिवशी बंद होती, त्यामुळे भाऊजींचा विरस झाला. लोक या जागेला 'खूनी भंडारा' म्हणतात, आणि २०२४ मध्ये त्याच नावाने तिचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. आम्ही गेलो तेव्हा तेथे आम्ही चौघे आणि दोन बकऱ्या होतो.

तापीकाठची राजाची छत्री त्याच दिवशी पाहिली. बत्तीस खांबांची ही छत्री मिर्झाराजे जयसिंगाची. पुरंदरचा तह ज्याच्यासमोर झाला, ज्याच्या शब्दावर शिवाजी महाराज आग्र्यास गेले, तो हा राजा १६६७ साली परतीच्या वाटेवर बऱ्हाणपुरात वारला. मराठी मुलखातून परतणाऱ्यांसाठी हे शहर जणू एक फाटक होते. चौदा वर्षांनी, ३० जानेवारी १६८१ रोजी, संभाजी महाराजांच्या फौजेने हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली शहराबाहेरचे बहादुरपूर हे श्रीमंत उपनगर लुटले. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः येथे येऊन पोचला. "म्हणजे उपनगरात राहणं तेव्हा तितकंसं सुरक्षित नव्हतं तर," असे भाऊजी म्हणाले. त्यांच्या सूत्राला पडलेली ही एकमेव खोट.

पाचव्या दिवशी अक्कांच्या आग्रहावरून मुक्ताईनगर. बऱ्हाणपूरहून दक्षिणेस इच्छापूर. तेथील टेकडीवरच्या इच्छादेवीला खालूनच हात जोडले, आणि पुढे महाराष्ट्राची हद्द. पाटीवरची भाषा बदलली, तशी अक्कांची मुद्राही बदलली. कोथळीच्या जुन्या देवळात आदिशक्ती मुक्ताईपुढे त्या अर्धा तास बसल्या. ज्ञानेश्वरांची ही धाकटी बहीण १२९७ साली तापीच्या तीरावर गुप्त झाली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा; आषाढीला येथून पालखी पायी पंढरपूरला जाते, आणि इतका लांबचा पल्ला फारच थोड्या पालख्यांचा असतो. नंतर चांगदेव गाव, तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर. चौदाशे वर्षांचा योगी या लहान मुलीचा शिष्य झाला, ही गोष्ट आम्ही वर्गात पुष्कळदा सांगितली आहे. संगमावरच्या त्या दगडी देवळाच्या पायरीवर बसून सौभाग्यवतींनी आणलेल्या दशम्या खाताना ती अधिक खरी वाटली. ओंकारेश्वर या फेरीत घेतले नाही. ते नेपानगरहून एका दिवसात होते, पण नर्मदेला जाऊन घड्याळ पाहणे बरे नव्हे. तिला खंडव्याहून निराळा मुक्काम द्यावा.

सहाव्या दिवशी पाहुणे गेले. स्टेशनावर गाडी दोनच मिनिटे थांबते, त्यामुळे निरोपाचे फारसे बोलणे होत नाही.

२३ ऑगस्ट २०२२ रोजी, सहा वर्षांनी, कारखान्याचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी गावात किती लोक रस्त्यावर आले होते ते काय सांगावे! आता वृत्तपत्राच्या कागदाबरोबर लिहिण्या-छापण्याचा कागदही होतो; सालईऐवजी जुन्या रद्दीपासून. क्वार्टर्सच्या सगळ्या खिडक्यांत पुन्हा दिवे लागले असे मात्र नाही. जी कुटुंबे गेली ती बहुतेक तिकडेच रुजली, आणि नवी यंत्रे पूर्वीइतकी माणसे मागत नाहीत. तरी २०२३ च्या जुलैत दाखल्याच्या रकान्यात बऱ्याच वर्षांनी 'मिल' हा शब्द आमच्या लिपिकाने लिहिला, आणि तो लिहून झाल्यावर रजिस्टर उचलून आमच्या टेबलावर आणून दाखविले.

हे वृत्त भाऊजींना कळविले. उलटटपाली उत्तर आले : अभिनंदन, येत्या नाताळात नातीला घेऊन येतो, लिस्बनची मंडळीही येत आहेत, कुंडी भंडाऱ्यात उतरावयाचे राहिले आहे. येणाऱ्यांनी थंडीचे कपडे आणावेत, कारण सातपुड्यातली रात्र बडोद्यासारखी नसते. आणि पहाटेच्या गाडीने न येता दुपारच्या गाडीने यावे, म्हणजे जेवण गरम मिळेल. नातीची झोप सावध आहे, असे अक्कांनी पत्राच्या कडेला लिहिले आहे. तेव्हा यंत्रांच्या घरघरीबद्दल आम्ही त्यांना आगाऊ कळवून ठेवले आहे, आणि मागच्या खोलीतील पलंग भिंतीपासून थोडा दूर सरकवला आहे.